तांब्याभर पाणी

मुलाकडच्यांनी आपणहून लेकीला मागणी घातली, म्हणून हिंदूराव खुशीत होते. पोरगा बांगलादेशाची लढाई करून आलेला फौजी, घरचा बागायती ऊस. हिंदूराव पोराचं घर बघायला आले, तेव्हा पोराच्या आईनं, साळूबाईनं, गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढ्यात ठेवला. गुळाचा खडा तोंडात टाकत त्यांनी सहज विचारलं, "हिरीचं का?"

"हीर आटली औंदा. नदीचं हाय."

तांब्याकडं गेलेला त्यांचा हात मागं आला. नदीच्या वरच्या अंगाला नगरपालिकेची मैलापाणी साफ करायची टाकी होती आणि तिचे ओव्हरसियर तेच होते. टाकी कधीची बंद पडलेली; शहराची सगळी घाण तशीच नदीत सुटत होती.

"तहान नाही मला," ते म्हणाले.

"मागं आमी बाया कचेरीत आलो, तवा 'पाणी साफ करूनच सोडतोय' म्हणून हाकलून दिलंसा आमास्नी." साळूबाई तांब्यापाशीच उभी होती. "ऱ्हाऊ द्या, नका पिऊ. तुमचीच लेक मागितली ती उगंच न्हवं. नांदाय आल्यावर तिला तरी तान लागंलच की."