खंडेनवमीची पूजा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी खंडोजीरावांची अठरा वर्षांची जीप सुरूच होईना. विजयनगरातल्या मंजप्पा मेकॅनिकने येऊन बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "सार, इंजिनच्या कंप्युटरला करंट देणारा रिलेच जागेवर नाही. एवढी काळी डबी असते. कुणीतरी काढलीय."

"कुणीतरी? गेल्या आठवड्यात बॉनेट तूच उघडलं होतंस!" खंडोजीराव गल्लीदेखत त्याच्यावर घसरले. चोर म्हणाले. वीस वर्षं या घरच्या गाड्या बघणारा मंजप्पा पाने-पकडी गोळा करून निघून गेला.

"जाऊ द्या अप्पा," सुधींद्र वडिलांना म्हणाला. "सत्तरीनंतर कशाला हवी जीप? विकून टाकू की."

दुसऱ्या दिवशी पाटावर पणजोबांची घोडदळातली तलवार मांडली. शेजारी सुधींद्रने आपली लॅपटॉपची बॅग ठेवली. कुंकू लावायला खंडोजीरावांनी बॅग सरळ केली, तशी बाजूच्या कप्प्यातून एक काळी डबी पाटावर पडली. सुधींद्रची मान खाली गेली.



खंडोजीरावांनी ती डबी उचलली, तलवारीशेजारी नीट मांडली आणि तिलाही कुंकू लावलं.