शंभर टक्के निकाल

फाटकापाशी लावलेल्या मोठ्या फलकावर दहावीच्या मुलामुलींचे हसरे फोटो छापले होते, आणि एक आई त्यांच्यावरून बोट फिरवत आपली मुलगी शोधत होती. वरची रांग झाली, मधली झाली. खालच्या रांगेशी ती वाकली, तेव्हा पायऱ्या उतरणाऱ्या वर्गशिक्षिका जागच्या जागी थबकल्या. त्यांनी तिला लगेच ओळखलं. इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. बोटं सोड्याने पांढरी पडलेली.

फोटोंच्या वर ठळक अक्षरं होती : ‘निकाल शंभर टक्के! तपासणीत अव्वल श्रेणी!’ दुपारच्या सत्कारासाठी आवारात खुर्च्या मांडणं चाललं होतं, माइकवाला उगाच ‘हॅलो हॅलो’ करत होता, आणि तपासणी पथकाचे साहेब मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पीत बसले होते.

“बाई!” आईने हाक मारली. “बरं झालं भेटलात. आमच्या चिमीचा फोटो कुठे दडलाय, सापडतच नाही मेला.”

चिमीचा फोटो असणारच नव्हता. सहामाहीत ती गटांगळ्या खात होती, आणि निकाल बुडवणारं एकही नाव पटावर नको, असं ठरलं तेव्हा तिचं नाव कमी झालं होतं. तपासणीच्याही आधी. घरी कळवायचं मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घेतलं होतं. बाईंनी पुन्हा तो विषय काढला नव्हता.

“चिमी कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“अहो, इथेच की! सकाळीच आली ना निकाल घ्यायला. गणवेश घातला, दोन वेण्या घातल्या, म्हणाली, तू जा कामावर, मी आणते. पण मला कुठला धीर! अर्धी सुट्टी टाकली आणि आले.”

निकाल आदल्या दिवशीच वाटून झाले होते. सकाळपासून आवारात एकही मूल फिरकलं नव्हतं.

“खरं सांगू का बाई,” आई आता रंगात आली होती, “या पोरीला वळण लागेल असं वाटलं नव्हतं मला. पूर्वी गणवेश असा मळवून आणायची, शाई काय, धूळ काय! आणि हल्ली? परीक्षा झाली तरी अकरावीच्या तयारीचा वर्ग असतो ना तिचा रोज? सकाळी इस्त्री करून देते, तो संध्याकाळी तस्साच. घडीसुद्धा मोडत नाही. लोकांचे कपडे धुण्यात हयात गेली माझी, पण असा गणवेश नाही पाहिला. शाळेची शिस्त म्हणजे शिस्त!”

भर उन्हात बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. “आलेच हं, इथेच थांबा,” असं म्हणून त्या आत धावल्या.

मुख्याध्यापक दाराशी आले. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं.

“सर, चिमीच्या घरी तुम्ही कळवलं होतं ना?”

“मुलीला सांगितलं होतं, घरी सांग म्हणून. ती हो म्हणाली.”

“तिने सांगितलं नाही. तिची आई बाहेर उभी आहे. ती रोज गणवेश घालून घरातून निघते, सर. आजसुद्धा निघाली.”

हसू क्षणभर ढळलं. त्यांनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं, दार हळूच ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. “बाई, ही शाळा बंद व्हायची होती, विसरलात? तुमच्या-माझ्या नोकऱ्या वाचल्या त्या या निकालामुळे. आत्ता गाजावाजा नको. तिच्या आईला उद्या या म्हणावं. मागच्या दाराने पोचवा.”

“आणि चिमी?”

“येईल संध्याकाळी. रोज येतेच ना घरी?”

बाई तडक निघाल्या. बाहेर आल्या तर आई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ऐटीत बसली होती. बाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या, ते पांढरे हात हातात घेतले आणि सगळं सांगून टाकलं. काही झाकलं नाही, स्वतःचं गप्प बसणंही नाही.

आई आधी हसली. मग बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

“काहीतरीच काय बाई. शाळेची गाडी येते की तिला न्यायला.”

“कुठली गाडी?”

“पांढरी. आमच्या कोपऱ्यावर थांबते. संध्याकाळी सोडतेही.”

“अहो, आपल्या शाळेला गाडी नाहीये.” बाई उठल्या. “चला. आधी पोलिसांत जाऊ.”

तेवढ्यात मुख्याध्यापक साहेबांना घेऊन व्हरांड्यात आले. “बाई, अहो बाई, सत्काराला तुम्ही हव्यात!” ते हसत हसत ओरडले. बाईंनी वळून पाहिलं नाही. आईचा दंड धरून त्या समोरच्याच फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याला लागल्या. मागे माइकवर टाळ्यांची रंगीत तालीम सुरू झाली होती.

चौकात आईचे पाय अडखळले. तिचा श्वास लागला होता.

“चांगला माणूस आहे हो तो, गाडीवाला,” ती म्हणाली. “मला मावशी म्हणतो. मी रोज हात करते त्याला.”