पुढचा गठ्ठा

खाणीतून वर काढलेल्यांच्या यादीत शेवटची अकरा नावं आली. दादाचं नाव त्यांत नव्हतं आणि सोबतचा आकडा शून्य होता.

नशिबाने आई तेव्हा बाटली भरायला गेली होती. मदत केंद्रातला हा प्रोग्रॅम लेकीनेच सी भाषेत लिहिलेला. सर्व्हर यादी एकदम देत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्याने देतो आणि सोबत एक आकडा धाडतो. तो शून्य होत नाही तोवर मागे आणखी नावं असतात, हे तिनेच आईला समजावलं होतं. आईला कॉम्प्युटरमधलं एवढंच कळायचं. तेवढ्यावर तिने खुर्चीत चार दिवस काढले होते.

लेकीने मग नको ते केलं. सर्व्हरचं उत्तर बाजूला सारून तिने स्वतःच एक उत्तर लिहिलं. नावं तीच अकरा, फक्त शून्याच्या जागी ४१२७. सर्व्हरशी बोलणी करणारी प्रोग्रॅममधली तयार लायब्ररी बिचारी भोळी. हातात पडलेलं उत्तर सर्व्हरचंच असणार असं धरून तिने मुकाट कर्सर, म्हणजे पुढचा गठ्ठा मागायची चिठ्ठी, बनवून दिला.

आई आली. तिने नावांवरून नजर फिरवली, मग कोपऱ्यातला आकडा पाहिला आणि चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून बसली.

"आहेत अजून," ती म्हणाली. "दाब की पुढचं."

थोड्या वेळाने बघू, सर्व्हरवर ताण आहे, असं काहीबाही लेक सांगत राहिली. एवढ्या दिवसांत बटण कुठलं ते आईला पाठ झालं होतं. तिने हात लांबवला आणि दाबलं.

कर्सर तो आकडा घेऊन खऱ्या सर्व्हरकडे गेला. तिथे त्या आकड्याचा कर्सर कुणी उघडलाच नव्हता. ताटकळलेल्या नातेवाइकांना कळावं म्हणून चुकांचे निरोपही लेकीने साध्या मराठीत करून ठेवले होते. त्यातलाच एक पडद्यावर उमटला.

सापडला नाही.

आईने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"आई, ते दादाबद्दल नाहीये गं," लेक घाईघाईने म्हणाली. "त्या आकड्याबद्दल आहे."

आईने पडद्यावरची नजर काढली आणि तिच्याकडे पाहिलं.

"मग दादाबद्दल काय आलंय?"