गुरुवारची गोळी

नळ आधी कोरडाच खोकला. मग त्याच्या घशात काहीतरी गुरगुरलं आणि रिकाम्या बादलीत पहिला थेंब टण्णकन वाजला, तेव्हा कुठं खोलीतल्या दोघी बायकांनी मान वर केली.

निघोज्यात पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. एरवी जयमाला हातातलं टाकून उठायची. आज उठली नाही. सरूबाईच उठल्या, बादली नळाखाली सरळ केली आणि परत येऊन बसल्या. दोघींच्या मध्ये फरशीवर तपासणीची पांढरी पट्टी पडली होती. तिच्यावर दोन लाल रेघा.

सरूबाई गावच्या आशाताई. पट्टी त्यांनीच आणून दिली होती.

"गोळी चुकली का गं?" त्यांनी हळूच विचारलं. पडद्याआड जयमालाचा नवरा ज्ञानेश रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता.

"नाही मावशी. तुम्ही सांगितलं तशीच. सुट्टीच्या दिवशी."

सांगितलं होतं खरं. पाळणा लांबवायची गोळी, आठवड्याला एक, वार चुकता कामा नये. पण कंपनीतल्या बायकांना वार कुठला ध्यानात राहतोय? सुट्टी तेवढी राहते. म्हणून सरूबाईंनीच सोपं करून दिलं होतं: गुरुवारी सुट्टी, सुट्टीला न्हायचं, न्हालं की गोळी.

"पाकीट आण बघू."

जयमालाने डाळीच्या डब्यामागून पाकीट काढून दिलं. सरूबाईंनी ते बोटांनी चाचपलं.

"ह्या चार कशा काय उरल्या?"

"गेल्या महिन्यात माल निघायचा होता. चारी गुरुवार कामावर भरले." जयमाला शेजारणीचं काहीतरी सांगावं तसं सांगत होती. "सुट्टीच लागली नाही."

सरूबाई त्या चार गोळ्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. बादली भरून पाणी मोरीत वाहू लागलं, तरी कुणी उठलं नाही.

उंबऱ्यावर पाच वर्षांची स्वरूपा नऊ महिन्यांच्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या वेळी जयमालाला तीन पिशव्या रक्त चढवावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन वर्षं थांब बाई, नाहीतर पुढच्या खेपेला आम्हीही हात टेकू. हे आठवून भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. जयमालाने हात गुडघ्यांत दाबून धरले.

"ठेवायचं का?"

"नको."

एवढंच. तिच्या आवाजात रडू नव्हतं, आणि ते नाही हे सरूबाईंना आवडलं नाही.

"मग आजच चल, सरकारी दवाखान्यात. लवकर हाय तवर बरं. तुझं रक्त कमी, डॉक्टरांच्या डोळ्यांखालीच व्हायला पायजे. मेडिकलमधनं परस्पर काय आणून खायचं न्हाई, सांगून ठिवते."

"खाडा पडंल, मावशी. आठची बस..."

"पडू दे की! चार गुरुवार दिलेस ना त्यांना? एक मंगळवार तू घे."

पडदा हलला. झोपेनं जड झालेला ज्ञानेशचा आवाज आला. "मावशी, माझी सही लागंल ना? गुरुवारी जाऊ. सुट्टी असती."

"झोप बाबा तू. सही तिची एकटीची लागती, कायदाच हाय तसा. तू पोरगं सांभाळ. त्याला कुणाची सही लागत न्हाई."

पडद्याआड ज्ञानेश उठून बसला. मग, "ह्याची पेजेची वाटी कुठंय?"

"फळीवर. वरच्या," जयमाला म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी कंपनीच्या बसनं दोनदा हॉर्न दिला. थोडी थांबली. गेली. जयमालाने गळ्यातलं ओळखपत्र काढून खुंटीला अडकवलं, आधार कार्ड कापडी पिशवीत टाकलं, नळ बंद केला आणि चपला घातल्या.

स्वरूपानं भावाला कडेवर सावरलं. तिने आईकडं पाहिलं, सरूबाईंकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. मागच्या वेळी आई ह्याच आजीबरोबर दवाखान्यात गेली होती, तिला पक्कं आठवत होतं.

"तवा तू बाळ आणलंस," ती म्हणाली. "आई, आज येताना काय आणशील?"