चौकोनी दोरी

दर गुरुवारी माळ्याने गवत कापायचा ट्रिमर सुरू केला रे केला, की बंगल्यात एकटे राहणारे मास्तर काठी आपटत बाहेर यायचे. "कानाचे पडदे फाडतोस का रे?" इथून सुरू झालेली गाडी गुडघेदुखीपर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा, आणि तोवर मशीन बंद.

शेवटी वैतागून माळी दुकानात गेला. मशीन बॅटरीवरचं, म्हणजे इंजिनाचा आवाज नाही, बोंब सगळी गवत कापत फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीची. दुकानदार म्हणाला, "तुमची दोरी चौकोनी आहे. कापते झकास, पण किंचाळते. ही पीळ घातलेली न्या, घरातल्या माणसाला पत्ता लागणार नाही."

खरंच लागला नाही. दोन गुरुवार काम झटपट उरकलं, कोणी हूं की चूं केलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी मास्तर सकाळपासून फाटकाशीच उभे होते. "गवत वेळच्या वेळी कापलेलं दिसतं," ते म्हणाले, "तू मात्र दोन आठवडे फिरकला नाहीस."



"ती चौकोनीच द्या," संध्याकाळी माळी दुकानदाराला म्हणाला, "ही अजिबात आवाज करत नाही."