माहितीपत्रकावरची इमारत

फी आवाक्यातली आणि वर नोकरीची हमी, म्हणून लेकीसाठी हेच आर्किटेक्चर कॉलेज नक्की केलं होतं. माहितीपत्रकावर पाच मजली काचेची इमारत, आणि इथे येऊन बघते तर पत्र्याची शेड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रवेशाच्या खिडकीतल्या कारकुनासमोर मी ते पत्रक आपटलं.

"ही इमारत कुठाय?"

"बांधलेलीच नाही, काकू. आमच्या कॉलेजात पहिल्या आलेल्या मुलाचं ड्रॉइंग आहे ते."

"लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता? मग नोकरीची हमीसुद्धा कागदावरचीच असेल!"

"नाही, नोकरी देतात की," हातातला शिक्का फॉर्मवर दाणकन आपटत कारकून म्हणाला. "ते ड्रॉइंग माझंच आहे."