एकाच पेटीचं लाकूड

आम्हा बोअर शेतकऱ्यांचे जनरल वारले, तेव्हा सरकारी अधिकारी पितळी कड्यांची शवपेटी घेऊन शेतावर आला. म्हणाला, “जनरल साऱ्या बोअरांचे आहेत. त्यांना राजधानीत पुरायचं ठरलंय.” जनरलांची बायको, याकोमिना काकू, माळ्यावरच्या शवपेटीतले सुके पीच काढून मला खाली देत होत्या. आमच्याकडे पेटी आधीच करून ठेवतात. मग रिकामी का ठेवायची? “लढाईत तुम्हीच नेलंत त्यांना,” काकू वरूनच म्हणाल्या. “आता माझ्याजवळ राहतील. ही पेटी त्यांनी जळालेल्या बैलगाडीच्या फळ्यांची केलीय. दुसरीपुरतं लाकूड उरलं नाही, तर म्हणाले, आधी जाईल त्याची. माझ्यापुढे घोडा दामटायची सवयच त्यांना.” अंगणात जमलेल्या जनरलांच्या म्हाताऱ्या घोडेस्वारांनी माळ्यावरची पेटी हलकेच उतरवली, तेव्हा अधिकारी नमला. “मग आमची परत नेऊ?” काकूंनी तिची लांबी नजरेनं मोजली. “परत कशाला नेताय? चढवा माळ्यावर. मला अगदी बरोबर होईल.”